समजा, सदतीस

किशोरी मढवी सरकारात नेमकं काय काम करते, हे तिच्या गावात कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. तलाठी असती तर कळलं असतं. फौजदार असती तर लोक उठून उभे राहिले असते. पण बाईंच्या टेबलावर पाटी होती 'ज्येष्ठ धोरण विश्लेषक', आणि हे तीन शब्द करंजाड्याजवळच्या त्या गावठाणात कुणाला समजावून सांगायचे म्हणजे कपाळमोक्ष. तिनं एकदा सोपं करून सांगितलं, "सरकार जुगाराचे आणि लॉटरीचे नियम करतं ना, तिथे मी असते." झालं! गावानं त्यातला 'लॉटरी' तेवढा उचलला आणि बाकीचं टाकून दिलं. शिवाची किशी लॉटरीत हाय. ठरलं म्हणजे ठरलं.

आता नियम करायचे म्हणजे काय करायचं? तर मुंबईच्या कचेरीत बसून टिपण्या लिहायच्या. कुठला खेळ नशिबाचा आणि कुठला डोक्याचा, यावर इंग्रजांच्या वेळचा कायदा उघडून काथ्याकूट करायचा. मटका बेकायदा, लॉटरी कायदेशीर, आणि दोन्ही खेळणारा माणूस एकच, यावर पानंच्या पानं. लॉटरीचं सेंटर शाळेपासून किती लांब असावं, एक सोडत झाली की दुसरी किती वेळानं काढावी, असलं सगळं. टिपणी वरच्या साहेबाकडे जायची, तिथून त्याच्या वरच्याकडे, आणि बहुतेक वेळा 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत यायची. ती चर्चा काही कधी व्हायची नाही. बाई मनातून त्या घाईघाईच्या सोडतींवर भयंकर चिडलेली होती. पण सरकारला त्यातून कर मिळत होता. दुभत्या गाईला कोण हाकलतो? 'बंद करा' असं सरळ लिहायची सोय नव्हती, म्हणून ती कडेकडेनं काहीबाही सुचवत राहायची.

तिला वाढवलं तिच्या आत्यानं, हौसानं. किशोरीची आई ती रांगत असतानाच गेली, बाप शिवा मिठागरावर राबणारा, अबोल माणूस. हौसा तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं भावाची पोर उचलली ती उचललीच. पनवेलच्या बाजारात सुकट-बोंबील विकून पोरीला कॉलेजात घातली. गावातल्या बायका म्हणायच्या, "भावाचे पोरीवर कनाला येवडा जीव टाकतंस गो?" कशाला असं विचारणाऱ्या त्या बायकांना हौसा उभी-आडवी घ्यायची. पुढे शिवा वारला, सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या, मोबदला आला, तेव्हा तिनं आपल्या वाट्याच्या पैशातून घराच्या मागे भाड्यानं द्यायला खोल्यांची चाळ बांधली. स्वतःचं घर, मागे भाडेकरू, दारात कोंबड्या, आणि मंत्रालयाच्या गोष्टी सांगणारी अधिकारी भाची. हौसा पाटलीण नव्हती, पण चालायची पाटलिणीसारखी.

आणि एक सांगायलाच हवं. ह्या बाईनं जन्मात पत्त्याला हात लावलेला नव्हता. गणपतीच्या जागरणाला गावात घरोघर डाव बसतात, म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून तीन पत्ती खेळतात, पण हौसा फक्त चहा करायची आणि हरणाऱ्याला शिव्या द्यायची.

दोन हजार आठच्या सुमाराला गावात ऑनलाइन लॉटरीचं सेंटर आलं. प्रणित नावाचा गावातलाच हसतमुख पोरगा, बापाच्या प्लॉटवर इमारत उठली तसा खाली गाळा काढून बसला. एक मशीन, एक टीव्ही, दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या. आकडे शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत, आणि दर पंधरा मिनिटांनी सोडत. पंधरा मिनिटांनी! चहा पिऊन होईस्तोवर माणूस हरलेला आणि पुढच्या सोडतीला तयार. जमिनी विकून हात रिकामे झालेले बाप्ये सकाळपासून तिथे बसायला लागले.

किशोरीनं तेव्हा एक टिपणी लिहिली. प्रत्येक सेंटरनं मागच्या सोडतींचे निकाल मोठ्या तक्त्यावर लावावेत, असं तिनं सुचवलं. तिचा विचार साधा होता. लोकांनी तो तक्ता बघितला की त्यांना कळेल की ह्यात काही क्रम नाही, काही खुबी नाही, आकडे येतात तसे येतात. काय म्हणावं? शिकलेल्या माणसाची ही एक खोडच असते, त्याला वाटतं की कागद दाखवला की समोरच्याला तेच दिसतं जे आपल्याला दिसतं. आणि गंमत बघा, तिच्या कारकिर्दीतली ही एकच टिपणी जशीच्या तशी मंजूर झाली. कुणाचं काही जात नव्हतं ना!

महिन्याभरात ती रविवारी गावात गेली, तर प्रणितच्या गाळ्याबाहेर हा भला मोठा तक्ता, आणि त्यापुढे पेन घेऊन उभे असलेले लोक. भगवानभाऊ म्हणून एक म्हातारा होता, पूर्वी सोसायटीचा चेअरमन. तो चष्मा सावरत तक्त्यावर रेघा ओढत होता. कुठला आकडा कधीपासून आला नाही, कुठला कुणाच्या पाठोपाठ येतो.

"किशे, तुमच्या सरकारनी लय उपकार केले," तो म्हणाला. "आता आभ्यास करता येतो."

आपणच ह्यांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली, असं किशोरीला वाटलं, आणि ते खरंच होतं. घरी नवीन पनवेलला येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. शैलेश कामोठ्यात गणिताचे क्लास घ्यायचा, शांत माणूस. तो म्हणाला, "जाऊ दे. तू काय गावाला शिकवायचा मक्ता घेतलायस?" पण तिनं घेतलाच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्या रविवारी दुपारी तिनं समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या प्रणितनंच दिल्या. "ताई, तुमी बोला, आमी आयकतो," म्हणाला. त्याला कसली भीती? हौसाआत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, भाचीचं भाषण म्हणून. किशोरीनं फळ्यावर आकडे काढले, समजावून सांगितलं. मशीनला आठवण नसते. काल आलेला आकडा आज येणार नाही असं नाही, आणि वर्षभर न आलेला आज येईलच असंही नाही. कुणालाच माहीत नसतं. मला नाही, मंत्र्याला नाही, मशीन बनवणाऱ्याला नाही.

"आता समजा, सदतीस," ती म्हणाली. "सदतीस आकडा घ्या. तो यायची शक्यता शंभरात एक. आज एक, उद्या एक, कधीही एकच."

लोक मान डोलावत होते. तिला बरं वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं, पण आवाज मात्र भरल्यासारखा येत होता. चहा फिरला. बायका घरी निघाल्या. बाप्ये उठून गाळ्याकडे गेले, आणि थोड्या वेळानं तिकडून अशी आरोळी उठली की किशोरीला वाटलं कुणी मेलं.

सदतीस आला होता.

आता काय सांगायचं? कावळा बसला आणि फांदी तुटली! दिवसभरात एवढ्या सोडती होतात की सदतीस काय, कुठलाही आकडा दोन-चार दिवसांत कधीतरी येतोच, त्यात नवल ते काय? पण हे त्या क्षणी सांगणार कुणाला? अर्ध्या गावानं सदतीस लावला होता. भगवानभाऊ नाचत होता. प्रणितनं पेढे मागवले. आणि त्या गर्दीतून हौसाआत्या आली, पदरात काहीतरी घट्ट धरलेली, डोळे भरलेले.

"आत्या, तू लावलास?" किशोरी ओरडलीच. "तू?"

"तुजा शबुद खाली पडाला नको म्हनून लावला गो बाय," हौसा म्हणाली. "येवड्या लोकांत माजे पोरीनी आकडा दिला, आन मीच नाय लावायचा?"

म्हणजे बघा, हौसा काही लोभानं गेली नव्हती. ती गेली मायेनं, देवापुढे नारळ फोडावा तशी. किशोरीला रागही येईना आणि हसूही येईना. तिनं आत्याला घरी नेलं, समोर बसवून पुन्हा सगळं समजावलं, ह्या वेळी गावच्या भाषेत. आत्या, मना ठावं नवता गो. उगाच तोंडात आयला म्हनून बोल्ले. हौसा हसत होती. "हाव गो, हाव. कलला मना. सरकारी मानसाला तसाच बोलावा लागतो." आणि तिनं डोळा मिचकावला.

त्या डोळा मिचकावण्यानं पुढची चार वर्षं खाल्ली.

लोकांचं येड थोड्या दिवसांनी ओसरलं. दोन-चार वेळा किशोरीच्या गाडीचा नंबर लावून हरले, तसे ते पुन्हा तक्त्याकडे वळले. पण हौसाचं तसं झालं नाही. तिला खात्री होती की पोर तिला सांगते, फक्त उघड बोलता येत नाही म्हणून आडून सांगते. किशोरीनं येताना पाच केळी आणली, की पाच कशाला? दोन खाल्ली, तीन राहिली, म्हणजे तेवीस. फोनवर म्हणाली, "आत्या, आठवड्यानं येते," की आठ घेतला. न बोलली तर शून्य. ती हरली की म्हणायची, माझीच अक्कल कमी, पोरीनं बरोबर सांगितलं होतं, मला उलगडलं नाही. मध्येच कधीतरी जिंकायची, आणि मग तर काय, सगळ्या हरण्याचं पाप धुतलं जायचं.

चाळीतली एक खोली विकली गेल्याचं किशोरीला भाडेकरूकडून कळलं. मग दुसरी. आता तिची पाचावर धारण बसली. खोल्या गेल्या तर गेल्या, पण पुढे राहतं घर होतं, आणि आत्या त्या घराबाहेर जगणारी बाई नव्हती. हे किशोरीला जेवढं कळत होतं तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. घर जायच्या आत आत्याच्या डोक्यातला हा खिळा उपटायचा, एवढंच एक काम तिच्यापुढे उरलं. ती प्रणितकडे गेली, आत्याला तिकीट देऊ नकोस म्हणून हात जोडले. प्रणितनं कानाला हात लावला. "ताई, मी नाय दिला तर ती खांदेश्वरला जाईल, रिक्षानी. हितं तरी नजरेसमोर हाय." आणि खोटं काय होतं त्यात?

मग तिला एक युक्ती सुचली. आत्याला मुद्दाम आकडा द्यायचा. स्वच्छ, तोंडानं. एक आकडा, दिवसभर. तो आला नाही म्हणजे विश्वास आपोआप तुटेल. तो येण्याचा धोका होताच, पण तेवढा जुगार खेळायला ती तयार झाली. हो, जुगारच की! जन्मभर ज्याच्याविरुद्ध टिपण्या लिहिल्या त्याच मशीनसमोर ती आत्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि हरण्यासाठी देवाची प्रार्थना करत राहिली. तिनं दिला होता अठरा. संध्याकाळपर्यंत अठरा आला नाही. किशोरीला एवढा आनंद झाला की तिनं आत्याचा हात धरला.

"बघितलंस? मना काय ठावं नाय. आता तरी पटला?"

हौसानं तिच्याकडे अशा काही दयेनं बघितलं की विचारू नका.

"पोरी, येक्यांशी आयला ना मगाशी," ती हळूच म्हणाली. "उलटा दिलास. चार लोकं आयकत व्हती म्हनून. मना कलायला उशीर जाला."

किशोरी तिथेच रडली. गाळ्यातल्या लोकांनी तिच्या रडण्याकडेही टक लावून बघितलं, आणि त्यातल्या एकदोघांनी काहीतरी लावलंही असेल, काय सांगावं.

व्हायचं तेच झालं. कचेरीत निनावी तक्रार गेली की अमुक बाई गावात आकडे फोडतात. साहेबानं बोलावलं तेव्हा तो हसत होता. "मॅडम, फोडायला आकडा आधी कुणाला माहीत तर पाहिजे ना!" आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यालाही कळत होतं. चौकशीत काही निघालं नाही. पण ह्याच काळात किशोरीनं आयुष्यातली सगळ्यात नेटकी टिपणी लिहिली होती. पंधरा मिनिटांच्या सोडती बंद करून दिवसाला एकच ठेवावी, म्हणजे माणसाला मधे घरी जायला, विचार करायला, जेवायला वेळ मिळेल. ती टिपणी परत आली. संबंधित अधिकाऱ्यांचा ह्या विषयाशी व्यक्तिगत संबंध असल्याने विषय दुसऱ्या टेबलाकडे द्यावा, असा शेरा होता. दुसऱ्या टेबलावर ती कुठल्या गठ्ठ्याखाली गेली देव जाणे. किशोरीला घोड्यांच्या शर्यतींचं काम दिलं. तिनं घोडा कधी जवळून पाहिलेला नव्हता.

आणि राहतं घर गेलं. बिल्डरनं घेतलं, लगेच पाडलं. हौसा एक ट्रंक आणि दोन कोंबड्या घेऊन नवीन पनवेलला किशोरीच्या फ्लॅटवर आली. कोंबड्यांना सोसायटीनं हरकत घेतली.

किशोरीला वाटलं होतं, चला, आता निदान डोळ्यांसमोर राहील, पैसा हातात नाही, सेंटर लांब, हळूहळू विसरेल. कसलं विसरतेय! आता तर हौसा चोवीस तास भाचीच्या तोंडाकडे बघत बसायला मोकळी झाली. बाजूच्या इमारतीतला एक रिक्षावाला तिचे पैसे घेऊन जायचा. पैसे कुठून? कानातल्या कुड्या, ट्रंकेतली नथ, जाड पाटल्या. किशोरीनं त्या रिक्षावाल्याला झापलं, तर दुसरा मिळाला.

हळूहळू त्या घरातून आकडे हद्दपार झाले. 'दोन कप चहा कर' म्हणायची सोय उरली नाही. किशोरी स्वयंपाकघरात जाऊन न बोलता चहा टाकायची. घड्याळ तिनं बेडरूममध्ये नेलं. दारावरचा फ्लॅटचा नंबर काढला, तर पोस्टमन ओरडला. शैलेश बिचारा गणिताचा माणूस, घरात आल्यावर तोंडाला कुलूप. पूर्वी नावाची त्यांची मुलगी तेव्हा तिसरीत होती, तिला पाढे पाठ करायचे असायचे. एक दिवस किशोरी कचेरीतून आली तर पूर्वी तेराचा पाढा म्हणत होती, आणि हौसा तिच्यासमोर मांडी घालून ध्यान लावून बसलेली. पूर्वी एका ठिकाणी अडखळली. हौसाचे डोळे चमकले. "परत बोल गो, खय अडलीस?"

किशोरीचा तोल गेला. "उठ तिथून!" ती किंचाळली. "माझ्या पोरीला तरी सोड!"

पूर्वी रडायला लागली. हौसा उठली, गॅलरीत जाऊन बसली. थोड्या वेळानं किशोरी तिच्याजवळ गेली. चुकलं म्हणाली. आत्या, माज्याशी बोल गो, कायपन बोल. पयल्यासारखी बोल. माजे बापाचे, मिठागराचे, बाजाराचे. हौसानं तिच्या गालावरून हात फिरवला, पण तिचं लक्ष किशोरीच्या शब्दांत नव्हतं. ती त्यात काही लपलंय का ते ऐकत होती. तेव्हा किशोरीला पहिल्यांदा कळलं की घर, खोल्या, पाटल्या हे सगळं सोडा, आत्याच गेली. समोर बसलेली बाई तिचं बोलणं ऐकतच नव्हती. किशोरीला आईची आठवण नव्हतीच कधी, त्यामुळे आई मेल्याचं दुःख काय असतं ते ह्या गॅलरीत कळलं.

दोन हजार बाराच्या हिवाळ्यात हौसाला पक्षाघाताचा झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी शैलेशला बाजूला घेऊन सांगितलं की फार आशा धरू नका. किशोरीनं रजा टाकली आणि खाटेशेजारी बसली. गावचे लोक येऊन जात होते. भगवानभाऊ आला, रडला, आणि जाता जाता खाटेच्या डोक्याशी लावलेल्या नंबराकडे बघत राहिला. किशोरीनं त्यावर टॉवेल टाकला.

हौसाला मधूनमधून शुद्ध यायची. एका दुपारी, खोलीत दुसरं कुणी नसताना, तिनं उजव्या हातानं किशोरीचं मनगट धरलं. पकड अजून बाजारात मासळी तोलणाऱ्या बाईचीच होती.

"बाय," ती म्हणाली. शब्द तोंडातून घरंगळत होते, पण कळत होते. "आता कोन नाय हितं. आता तं सांग. येकच सांग. लावायला नको मना. नुस्ता सांग."

अठराचा तेवढा एक दिवस सोडला तर किशोरीनं चार वर्षं हेच एक केलं होतं, ते म्हणजे नाही म्हणणं. खरं तेच सांगणं. गावात, गाळ्यात, घरात, रडून, ओरडून, समजावून. मला माहीत नाही. आणि त्या खऱ्यानं काय मिळालं होतं? चाळ वाचली नाही, घर वाचलं नाही, आत्याची माया वाचली नाही. आता ही बाई निघाली होती आणि जाताना तिला फक्त एवढंच हवं होतं की आपल्या पोरीनं आपल्यावर विश्वास टाकावा. लावायचंसुद्धा नव्हतं तिला. मग काय जातंय? एक आकडा! मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजळ घालतात, त्याला कुणी विचारतं का की हे गंगेचं की नळाचं?

तिनं वाकून आत्याच्या कानाशी तोंड नेलं.

"चौदा," ती म्हणाली.

हौसाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. इतक्या वर्षांत तिनं किशोरीकडे असं बघितलं नव्हतं. किशोरी परीक्षेत पास होऊन यायची तेव्हा बघायची तसं. किशोरीचे डोळे वाहायला लागले, आणि तिला वाटलं, देवा, हे आधीच का नाही केलं मी!

हौसा काही वेळ छताकडे बघत राहिली. ओठ हलत होते, चौदा, चौदा. मग ते थांबले. कपाळावर आठी पडली. काहीतरी आठवावं तशी ती किशोरीकडे वळली आणि मनगटावरचा हात सैल झाला.

"म्हंजे तुला ठावं असतो," ती म्हणाली.

"नाही आत्या..."

"ठावं असतो तुला." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मंग घर जाताना असा सरल कनाला नाय सांगलंस गो?"

किशोरी खाटेवर वाकली, आत्याचा हात छातीशी धरला, भराभर बोलायला लागली. नाय गो आत्या, मना नाय ठावं, मी आता उगाच बोल्ले, तुला बरा वाटावा म्हनून बोल्ले, शप्पत, पूर्वीची शप्पत, खोटा बोल्ले मी. आयुष्यात एकदाच खोटा बोल्ले. बोलता बोलता तिलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. चार वर्षं नाही म्हणणारी, आणि आता हो म्हणून लगेच पुन्हा नाही म्हणणारी.

हौसानं हात सोडवून घेतला. तिला कूस बदलता येत नव्हती, म्हणून तिनं फक्त तोंड फिरवलं, भिंतीकडे.

ती आणखी दोन दिवस जगली. शैलेशला तिनं पाणी मागितलं, पूर्वीच्या डोक्यावर हात ठेवला, दारात उभ्या असलेल्या प्रणितलाही ओळखलं. किशोरी चमच्यानं पेज घेऊन आली की ती ओठ मिटून घ्यायची.